बारीक नळीतला स्पंदित प्रवाह आणि पृष्ठताण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यात फोंड्याला अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. त्याआधी काही वर्षं एका प्रयोगशाळेत केसाएवढ्या वाहिन्यांमधून पाणी ढकलण्याचं काम केलं. त्यामुळे या विषयावरचे प्रश्न माझ्याकडे येत राहतात: प्रकल्प करणाऱ्या मुलांचे, वेर्ण्याच्या औषध कारखान्यांत पंप सांभाळणाऱ्यांचे, परिचारिकांचे, आणि एकदा खाजनात, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीत, शेती करणाऱ्या एका काकांचाही. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. तेच तेच सांगायला नको म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पृष्ठताण म्हणजे काय, आणि तो बारीक नळीतच एवढा का जाणवतो?

पाण्याच्या पोटातल्या रेणूला सगळीकडून शेजारी असतात. पृष्ठभागावरच्या रेणूला हवेच्या बाजूने ओढणारं जवळजवळ कोणी नसतं. म्हणून पृष्ठभाग वाढवायचा तर ऊर्जा खर्च करावी लागते, आणि पाणी आपला पृष्ठभाग होईल तितका आटोपशीर ठेवायला बघतं. २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटन असतो. अल्कोहोलचा साधारण २२.

हा ताण वाकलेल्या पृष्ठभागाच्या दोन बाजूंना दाबाचा फरक तयार करतो. थॉमस यंगने १८०५ मध्ये आणि लाप्लासने १८०६ मध्ये हे मांडलं. वाक जितका तीव्र तितका हा फरक मोठा. स्वच्छ काचेच्या १ मिलिमीटर व्यासाच्या नळीत तो सुमारे २९० पास्कल भरतो, म्हणजे पाण्याचा जेमतेम ३ सेंटिमीटर उंच स्तंभ. व्यास ०.१ मिलिमीटर केला की २९ सेंटिमीटर. ०.०१ मिलिमीटर केला की जवळजवळ ३ मीटर! पाण्याच्या बाबतीत साधारण २.७ मिलिमीटर ही वेस धरा. त्याहून मोठ्या आकारावर गुरुत्वाकर्षणाचं राज्य, त्याहून लहान आकारावर पृष्ठताणाचं.

२. स्पंदित प्रवाह कशाला म्हणायचं?

ज्याचा दाब किंवा वेग ठरावीक लयीत कमी-जास्त होतो तो. हृदयामुळे धमनीत होतो तसा. प्रयोगशाळेत तो कधी मुद्दाम करतात, कधी नको असताना होतो. पिचकारीसारख्या सिरिंज पंपाची मोटर टप्प्याटप्प्याने फिरते, आणि प्रवाह फार मंद ठेवला की एकेक टप्पा वेगळा जाणवायला लागतो. रोलरने नळी दाबत जाणारा पंप तर प्रत्येक रोलरला एक ठोका देतो.

३. नळी पाण्याने पूर्ण भरलेली आहे, कुठेही हवा नाही. तर पृष्ठताणाचा परिणाम किती?

शून्य.

ही एक गोष्ट मला सगळ्यांना पटवून द्यायची असते, म्हणून थोडी थांबते. पृष्ठताण पृष्ठभागावर असतो. पृष्ठभाग म्हणजे पाणी आणि हवा, किंवा पाणी आणि तेल, जिथे भेटतात ती सीमा. भरलेल्या नळीत अशी सीमाच नाही. तिथे प्रवाह अडवते ती श्यानता, म्हणजे द्रवाचा अंतर्गत चिकटपणा. हागेन आणि प्वाझ्यी यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवलेल्या नियमानुसार त्रिज्या निम्मी केली की तोच दाब सोळापट कमी पाणी नेतो. नळी बारीक आहे, प्रवाह अडखळतो आहे, म्हणजे पृष्ठताणच असणार, असं लिहिलेले प्रकल्प दरवर्षी माझ्या हातात येतात. आधी सीमा शोधा: नळीच्या तोंडाशी लोंबणारा थेंब, अर्धवट भरलेल्या वाहिनीतला पाण्याचा पुढचा काठ, सांध्यात अडकलेला बुडबुडा. सीमा सापडली नाही तर पृष्ठताणाला दोष देऊ नका.

४. मग रक्तकेशिकांचं काय? त्या बारीक आहेत आणि प्रवाहही धडधडता आहे.

केशिका ५ ते १० मायक्रोमीटरच्या असतात हे खरं, पण त्यात हवा नसते. म्हणून वरचंच उत्तर. शिरेत हवेचा बुडबुडा शिरला तर मात्र चित्र पालटतं आणि तो अडकून रक्त अडवू शकतो. कारण प्रश्न ८ मध्ये आहे. पृष्ठताण शरीरात कुठे खरोखर निर्णायक ठरतो ते पाहायचं असेल तर प्रश्न १२ वाचा.

५. सरासरी दाब तोच ठेवला आणि फक्त स्पंदनं दिली, तर जास्त पाणी जाईल का?

भरलेल्या बारीक नळीत नाही. तिथे दाब दुप्पट तर प्रवाह दुप्पट असा सरळ हिशेब असतो, त्यामुळे वर-खाली होऊन सरासरी तीच येते.

पण तोंडाशी हवा असेल तर हिशेब मोडतो. समजा वाहिनीचा व्यास ०.१ मिलिमीटर आहे आणि ती हवेत उघडते. पाण्याचा काठ तोंडाच्या कडेला धरून राहतो आणि दाब वाढेल तसा बाहेर फुगतो. अर्धगोल होईपर्यंत तो प्रतिकार करत जातो, आणि तो प्रतिकार जास्तीत जास्त २.९ किलोपास्कलपर्यंत पोहोचतो. आता २ किलोपास्कल स्थिर दाब द्या. दिवसभर दिला तरी एक थेंब पडणार नाही. तोच सरासरी २ किलोपास्कल ठेवून त्यावर दीड किलोपास्कलची स्पंदनं चढवा. ठोक्याच्या शिखरावर दाब ३.५ होतो, अर्धगोल ओलांडला जातो आणि दार उघडतं.

यातली खरी गंमत पुढे आहे. अर्धगोल ओलांडल्यावर थेंब मोठा होतो, मोठ्या थेंबाचा वाक सौम्य, म्हणून त्याचा विरोधही कमी. म्हणजे एकदा दार उघडलं की २ किलोपास्कलसुद्धा त्याला भरत राहायला पुरतो. पहिला थेंब तोंडाच्या बाहेरचा भाग ओला करून गेला असेल तर पुढचा थेंब त्या रुंद ओल्या वर्तुळावर बसतो आणि उंबरठा आणखी खाली येतो. म्हणून पहिला थेंब काढायला जितकी मेहनत लागते तितकी दुसऱ्याला लागत नाही. ज्यांनी हे काम हाताने केलं आहे त्यांना हे माहीत असतं, कारण मात्र फार कमी जण सांगतात.

पावसाळ्यात बसच्या खिडकीकडे बघा. काचेवर थेंब चिकटून बसलेला असतो, खालून फुगीर, वरून निमुळता. त्याचं वजन त्याला खाली ओढत असतं पण पुरत नाही. बस खड्ड्यात आदळते आणि तो एकदम घसरत जातो. सरासरी वजन तेच होतं, धक्क्याने उंबरठा ओलांडला.

६. पंप अगदी स्थिर आहे, तरी माझ्या वाहिनीतला प्रवाह लयीत वर-खाली होतो. का?

बाहेरचं टोक बघा. तिथे थेंब तयार होऊन पडत असेल तर तोच तुमचा दुसरा पंप आहे. थेंब फुगताना त्याचा उलटा दाब आधी वाढतो, मग घटतो, थेंब सुटला की पुन्हा पहिल्यापासून. हे चढउतार नळीतून मागे जातात. अर्ध्या मिलिमीटर त्रिज्येच्या टोकाला ते सुमारे २९० पास्कलपर्यंतचे असतात, आणि मंद प्रवाहात तेवढे पुष्कळ झाले.

उपाय स्वस्त आहे: टोक वाटीतल्या पाण्यात बुडवून ठेवा. सीमा गेली, लय गेली.

७. नळीत बुडबुडा अडकला की स्पंदनं पलीकडे पोहोचतच नाहीत. हे पृष्ठताणामुळेच ना?

निम्मं. बुडबुडा तिथे अडकून राहतो तो पृष्ठताणामुळे. स्पंदनं गिळतो ती मात्र त्यातली हवा, कारण हवा दाबली जाते आणि पाणी जवळजवळ दाबलं जात नाही.

मी स्वतः यात तीन दिवस घालवले आहेत. २ सेंटिमीटर लांब, ०.१ मिलिमीटर व्यासाची वाहिनी, सेकंदाला दहा ठोके, आणि पलीकडच्या टोकाला ठोक्यांचा पाचवा हिस्साही नाही. आधी पंपाला दोष दिला, मग दाबमापकाला. शेवटी भिंग घेऊन प्रत्येक सांधा तपासला तेव्हा पंप आणि वाहिनी यांमधल्या एका जोडात मोहरीच्या दाण्याएवढा बुडबुडा चकाकताना दिसला. पेन्सिलीने टिचकी मारली तरी हलेना.

हिशेब नंतर केला. मोहरीएवढा बुडबुडा म्हणजे साधारण १ मायक्रोलिटर हवा. ती आणि पुढच्या वाहिनीचा विरोध मिळून सुमारे ०.०७ सेकंदाचा विलंब तयार होतो. सेकंदाला एक ठोका असेल तर तो थोडाच कमी होऊन पुढे जातो. दहा ठोके असतील तर पाचवा हिस्सा उरतो. वीजमंडळात धारित्र बसवून लहरी गुळगुळीत करतात तेच हे. म्हणूनच ज्यांना ठोके नको असतात ते मुद्दाम हवेची छोटी कुपी जोडतात.

काढायचा कसा? आधी वाहिनी अल्कोहोलने भरा. त्याचा पृष्ठताण कमी, तो कोपऱ्यांत शिरतो आणि हवेला धरायला जागा देत नाही. मग त्यामागून उकळून गार केलेलं पाणी सोडा. उकळल्याने विरघळलेली हवा बरीचशी निघून जाते आणि ते पाणी उरलेली बारीक हवा स्वतःत घेतं. टोक वर धरून भरलं तर निम्मं काम आपोआप होतं.

८. एक बुडबुडा ठीक, पण दहा लागोपाठ असले तर नळी बंदच पडते. इतका जोर कुठून येतो?

झ्यूल जामिन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८६० मध्ये हेच पाहिलं: बारीक नळीत पाणी आणि हवा यांची माळ लावली की एका टोकाचा बऱ्यापैकी दाब दुसऱ्या टोकाला पोहोचतच नाही. कारण असं. पाणी काचेवर पुढे सरकताना काठाचा स्पर्शकोन, म्हणजे काठ भिंतीशी करतो तो कोन, मोठा असतो, मागे हटताना लहान. पाण्याच्या प्रत्येक तुकड्याचा पुढचा काठ आणि मागचा काठ यामुळे सारखे नसतात, आणि त्यांच्यातला फरक दाब अडवून धरतो. कोन ६० आणि २० अंश धरले, वाहिनी ०.१ मिलिमीटरची धरली, तर एकेक तुकडा जवळपास १.३ किलोपास्कल अडवतो. दहा तुकडे म्हणजे पाण्याचा १.३ मीटर उंच स्तंभ पेलण्याइतकं.

हे घरी दिसतं. औषधाच्या दुकानातून सलाईनची नळी आणि सिरिंज आणा. नळीचा अर्धा-पाऊण मीटरचा तुकडा कापा, रंग घातलेलं पाणी आणि हवा आळीपाळीने ओढून आठ-दहा तुकड्यांची माळ करा. आता एका टोकाने अगदी हळू दाब द्या. सुरुवातीला माळ जागची हलत नाही. मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये बघितलं तर दिसतं की जवळच्या काठाचा वाक आधी बदलतो, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा, जणू रांगेत निरोप पोहोचतो आहे. सगळ्या काठांचा वाक पुरेसा बदलला की माळ एकदम झेप घेते. आता सिरिंज पुढे-मागे हलकेच हलवा. पलीकडचा शेवटचा तुकडा कितीतरी वेळ शांत बसलेला असतो. लहान ठोके माळेच्या पहिल्या दोन-तीन तुकड्यांतच जिरतात. ही नळी ३ मिलिमीटरच्या आसपास असल्याने एकेक तुकडा फक्त काही मिलिमीटर पाण्याइतका दाब अडवतो, पण डोळ्याने पाहायला तेवढं पुरेसं आहे. वापरलेली नळी मात्र घेऊ नका, नवीनच घ्या.

९. काचेची वाहिनी आणि सिलिकॉन रबराची वाहिनी यांत एवढा फरक का?

स्पर्शकोनामुळे. स्वच्छ काचेवर पाणी पसरतं आणि आपणहून आत शिरतं. पीडीएमएस नावाच्या पारदर्शक सिलिकॉन रबरावर कोन १०५ ते ११० अंशांच्या घरात असतो, म्हणजे पृष्ठताण पाण्याला बाहेर ढकलतो. तिथे पहिला ठोका पाणी आत घालण्यातच खर्ची पडतो. प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, फिरवून रबर पाणीप्रिय करता येतं, पण काही तासांत किंवा दिवसांत ते मूळ स्वभावावर येतं. सोमवारी केलेली वाहिनी शुक्रवारी तशीच वागेल असं धरू नका.

१०. पुढे-मागे सारखीच स्पंदनं देऊन द्रव एकाच दिशेला नेता येतो का?

येतो, आणि याचं सर्वांत सुंदर उदाहरण आपल्या समुद्रावर हिवाळा काढतं. फॅलरोप हा चिमुकला पाणपक्षी थंडीत अरबी समुद्रात, किनाऱ्यापासून दूर तरंगत असतो. पाण्यावर गरगर फिरून तो खालचे सूक्ष्मजीव वर आणतो आणि चोचीच्या टोकात जीव असलेला पाण्याचा एक थेंब पकडतो. टोक खाली, तोंड वर. थेंब वर चढणार कसा? तो ओढून घेत नाही. चोच पटापट थोडी उघडतो आणि मिटतो.

मनू प्रकाश, दाव्हिद केरे आणि जॉन बुश यांनी २००८ मध्ये यामागचं कारण दाखवलं. चोच निमुळती आहे. मिटताना थेंबाचा तोंडाकडचा काठ पुढे सरकतो आणि टोकाकडचा चिकटून राहतो. उघडताना टोकाकडचा काठ सुटून वर येतो आणि तोंडाकडचा चिकटून राहतो. प्रश्न ८ मधला जो स्पर्शकोनातला फरक प्रवाह अडवत होता, तोच इथे खाचेसारखा काम करतो आणि थेंबाला मागे येऊ देत नाही. मला ही गोष्ट फार जवळची वाटते, कारण जी गोष्ट आम्ही प्रयोगशाळेत अडथळा म्हणून शिव्या देत होतो तिच्यावर एक पक्षी जगतो.

यात एक काळजीही आहे. ही युक्ती चोचीच्या पृष्ठभागावर अवलंबून आहे. तेलाचा किंवा साबणाचा थर बसला की कोन बदलतात आणि थेंब चढत नाही. पावसाच्या तोंडावर आपल्या किनाऱ्यांवर येणारे डांबरी तेलगोळे पाहिले की मला दूर समुद्रातली ती चोच आठवते.

११. पाण्यात साबण घातला तर पृष्ठताण कमी होऊन सगळं सुरळीत होईल ना?

मंद स्पंदनांना बऱ्याच अंशी होतं. साबणामुळे पृष्ठताण ३० च्या आसपास येतो, उंबरठे निम्म्याहून खाली येतात.

जलद स्पंदनांना गडबड होते. साबणाचे रेणू पाण्यातून पृष्ठभागावर पोहोचायला वेळ लागतो. ठोक्यागणिक नवा पृष्ठभाग उघडत असेल आणि रेणू पोहोचण्याआधीच तो मिटत असेल, तर त्या क्षणी पृष्ठताण जवळजवळ साध्या पाण्याइतकाच राहतो. पुस्तकातला ३० हा आकडा शांत उभ्या पाण्याचा आहे. शिवाय काठावर कुठे साबण जास्त, कुठे कमी असा भेद पडतो, आणि कमी ताणाकडून जास्त ताणाकडे पृष्ठभाग ओढला जातो. फेणीच्या पेल्यात कडेवर चढून परत ओघळणारे थेंब दिसतात तेही याच ओढीमुळे. जेम्स थॉमसनने वाइनच्या पेल्यातलं हे कोडं १८५५ मध्ये उलगडलं होतं. बारीक वाहिनीत ही ओढ बुडबुड्याचा पृष्ठभाग ताठ करते, आणि साबण घातल्यावर बुडबुडा उलट जड चालतो असा अनुभव येतो. तुमचं निरीक्षण चुकलेलं नाही.

१२. श्वास हाही स्पंदित प्रवाहच. फुप्फुसात पृष्ठताणाचं काय?

इथे तो जीवनमरणाचा आहे. फुप्फुसातल्या वायुकोशांची त्रिज्या ०.१ मिलिमीटरच्या आसपास, आणि आतून ते ओले. साध्या पाण्याचा थर असता तर प्रत्येक कोश उघडा ठेवायला पाण्याच्या सुमारे १५ सेंटिमीटर स्तंभाइतका दाब लागला असता, प्रत्येक श्वासाला. १९२९ मध्ये कुर्ट फॉन नेरगार्डने दाखवलं की फुप्फुस हवेऐवजी द्रवाने भरलं तर फुगवायला कितीतरी कमी दाब लागतो. प्रश्न ३ आठवा: द्रवाने भरलं की सीमा गेली, सीमा गेली की पृष्ठताण गेला.

निसर्गाने तिथे साबणासारखा पदार्थ ठेवला आहे, सर्फॅक्टंट. श्वास सोडताना पृष्ठभाग आकसतो, रेणू दाटीने बसतात आणि ताण अगदी खाली जातो. म्हणून कोश मिटत नाहीत. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवलं की अपुऱ्या दिवसांच्या बाळांना श्वास घ्यायला जो त्रास होतो त्यामागे याच पदार्थाची उणीव आहे. आज अशा बाळांच्या फुप्फुसात तो बाहेरून सोडतात. विद्यार्थ्यांना पृष्ठताण कशाला शिकायचा असं कोणी विचारलं तर मी हे सांगते.

१३. सलाईनचे थेंब मोजून प्रवाह ठरवतात. द्रव बदलला तर थेंब तेवढाच राहतो का?

नाही. थेंबाचं वजन टोकाचा घेर आणि द्रवाचा पृष्ठताण यांवर ठरतं. थॉमस टेटने १८६४ मध्ये हा नियम दिला. मोठ्या थेंबांच्या सेटमध्ये साधारण २० थेंबांना १ मिलिलिटर, सूक्ष्म थेंबांच्या सेटमध्ये ६० थेंबांना १ मिलिलिटर असं धरलेलं असतं. त्यानुसार तासाला १०० मिलिलिटर द्यायचे तर पहिल्यात मिनिटाला ३३ थेंब, दुसऱ्यात १००. द्रवाचा पृष्ठताण कमी असेल तर थेंब लहान पडतात आणि तेवढ्याच थेंबांत कमी द्रव जातो. रुग्णाच्या बाबतीत मात्र सेटच्या पाकिटावर छापलेला आकडा आणि डॉक्टरांची सूचना हेच प्रमाण.

१४. आपला उकाडा, पाऊस, खारं पाणी यांनी किती फरक पडतो?

पृष्ठताणात थोडा. २५ वरून ३५ अंशांवर गेलं की तो ७२ चा ७०.४ होतो. श्यानता मात्र तेवढ्यातच जवळपास पाचव्या हिश्शाने घटते, त्यामुळे मे महिन्यात प्रवाह वाढलेला दिसला तर कारण ते आहे. समुद्राच्या पाण्याचा पृष्ठताण गोड्या पाण्याहून किंचित जास्तच असतो. हवेतली आर्द्रता जास्त सतावते: कोरड्या हवेत टोकाचा थेंब सुकून क्षाराचं कडं धरतो आणि काठ तिथेच चिकटतो. पावसात हा त्रास कमी.

१५. माझ्या वाहिनीत पृष्ठताण महत्त्वाचा आहे की नाही, आधीच कसं ओळखू?

सीमा आहे हे धरून दोन दाब काढा. एक, सीमेवरचा: पृष्ठताणाची दुप्पट भागिले त्रिज्या. दुसरा, द्रव ढकलायला लागणारा. आपल्या नेहमीच्या वाहिनीत (व्यास ०.१ मिलिमीटर, लांबी २ सेंटिमीटर) पाणी सेकंदाला १ सेंटिमीटर जात असेल तर दुसरा दाब सुमारे ५७० पास्कल येतो आणि पहिला २,९००. पृष्ठताण पाचपट. वेग दहापट केला तर दुसरा ५,७०० होतो आणि पृष्ठताण मागे पडतो. पण स्पंदनांत वेग प्रत्येक फेरीत शून्याजवळून जातो. त्या क्षणी पृष्ठताणच मोठा असतो आणि काठ चिकटायची संधी तिथेच मिळते. सरासरी वेगावर हिशेब करणारे नेमके इथे फसतात.

१६. वारंवारता वाढवत नेली तर?

तीन वेगवेगळी घड्याळं लक्षात ठेवा. पहिलं द्रवाच्या जडत्वाचं. जॉन वोमर्स्लीने १९५५ मध्ये दिलेला अंक ते सांगतो. महाधमनीत तो १० च्या वर असतो, आपल्या वाहिनीत सेकंदाला एका ठोक्याला ०.१३. एकच्या बराच खाली असेल तर प्रवाह दाबाच्या मागे जराही न रेंगाळता चालतो. शंभर ठोक्यांना तो १.३ होतो आणि मग रेंगाळणं सुरू होतं.

दुसरं घड्याळ तोंडाशी धरून बसलेल्या काठाचं. तो पडद्यासारखा मागे-पुढे फुगतो, आणि पूर्ववत व्हायला लागणारा वेळ म्हणजे श्यानता गुणिले वाहिनीची लांबी भागिले पृष्ठताण. व्यास त्यात येतच नाही! आपल्या २ सेंटिमीटरला तो सेकंदाचा चार हजारावा भाग आहे. मला हे सूत्र पहिल्यांदा कागदावर सुटलं तेव्हा दोनदा तपासून बघितलं होतं.

तिसरं सुट्या थेंबाचं. लॉर्ड रॅलीने १८७९ मध्ये काढलेल्या सूत्रानुसार १ मिलिमीटर त्रिज्येचा पाण्याचा थेंब सेकंदाला साधारण १२० वेळा हेलकावतो, आणि १० मायक्रोमीटरचा सव्वा लाखाच्या आसपास. इंकजेट प्रिंटर या घड्याळांवर चालतो. प्रत्येक ठोक्याला शाईचे काही पिकोलिटर सुटतात, आणि तोंडाशी परत आलेला काठ शांत होण्याआधी पुढचा ठोका दिला तर थेंब वाकडा जातो.

१७. पंप नाही, तरी प्रवाह आपोआप धडधडतो असं काही आहे का?

आहे, स्पंदित उष्णतानलिका. हिसातेरू अकाची यांनी १९९० मध्ये तिचं पेटंट घेतलं. वळणावळणाची बारीक नळी, अर्धी द्रवाने भरलेली. गरम टोकाला वाफ फुगते, थंड टोकाला आकसते, आणि मधले द्रवाचे तुकडे पुढे-मागे पळत उष्णता नेतात. नळी फार रुंद केली तर पाणी खाली आणि वाफ वर अशी फारकत होते आणि सगळं थांबतं. पाण्यासाठी ही मर्यादा ५.४ मिलिमीटर व्यासाच्या जवळ येते, प्रश्न १ मधल्या २.७ च्या दुप्पट.

१८. चिऱ्याच्या भिंतीत ओल चढते, खाजनाच्या बांधात भरतीचं पाणी येतं-जातं. तिथेही हेच नियम का?

हेच, फक्त ठोका बारा तास पंचवीस मिनिटांचा. जांभ्या दगडाची आणि मातीची बारीक छिद्रं या वाहिन्याच आहेत. भरतीला बांध पाणी घेतो. ओहोटीला मानसीतून, म्हणजे बांधाच्या दारातून, पाणी उतरतं, पण बांधाची बारीक छिद्रं लगेच रिकामी होत नाहीत, कारण हवा आत शिरायला प्रत्येक छिद्राचा उंबरठा ओलांडावा लागतो. मोठी छिद्रं आधी सुटतात, बारीक शेवटपर्यंत धरून ठेवतात. सुटतानाही पाणी सरळ रेषेत मागे जात नाही, छिद्राछिद्राला उड्या घेत जातं. विल्यम हेन्सने १९३० मध्ये मातीतल्या या उड्या वर्णन केल्या. काकांनी विचारलं होतं की ओहोटीला बांध ओलाच का राहतो. उत्तर हेच.

भिंतीच्या बाबतीत एक गोष्ट मुलांना उलटी वाटते: बारीक छिद्रात ओल जास्त उंच चढते, पण हळू चढते. लूकास (१९१८) आणि वॉशबर्न (१९२१) यांच्या नियमात चढाईचा वेग त्रिज्येबरोबर वाढतो, कारण बारीक छिद्रात श्यानतेचा विरोध पृष्ठताणाच्या ओढीपेक्षा झपाट्याने वाढतो.

१९. माझ्या वाहिनीत हवा कुठेच नाही, दोन्ही द्रवच आहेत. तरी प्रवाह तुकड्यातुकड्यांत येतो. आता?

ते द्रव एकमेकांत मिसळतात का बघा. पाणी आणि तेल मिसळत नाहीत, त्यांच्यामध्ये सीमा आहे आणि तिला स्वतःचा ताण आहे, पाणी-हवेपेक्षा कमी. तेलाची धार तिच्या घेराहून लांब झाली की ती तुटून थेंब व्हायला बघते. हे प्लातोने प्रयोगाने आणि रॅलीने गणिताने दाखवलं आहे. धारेच्या त्रिज्येच्या साधारण नऊपट लांबीची लहर सर्वांत वेगाने वाढते. तुमची स्पंदनं त्या लहरीच्या जवळपास असतील तर सगळे थेंब एकसारखे सुटतात, नाहीतर लहान-मोठे. पाणी आणि अल्कोहोल असेल तर टिकाऊ सीमा नसते, आणि तिथे तुकडे दिसत असतील तर परत जाऊन सांधे तपासा. बहुतेक वेळा मोहरीएवढं काहीतरी सापडतं.